धान्य जरूर आंबवा, पण लस चुकवू नका

परसातल्या कोंबड्या पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. मका, ज्वारी, बाजरी आणि मूठभर सोयाबीन तीन दिवस पाण्यात आंबवा. खाद्याचा खर्च निम्म्यावर येईल, अंडी दुप्पट होतील, लसीची गरज उरणार नाही. वर हेही, की बुरशी धरलेलं धान्य आंबवलं की चालतं. आंबवण्याला माझा विरोध नाही, माझ्या कोंबड्याही ते चवीनं खातात. पण या मेसेजच्या भरवशावर राहिलात तर खुराडं रिकामं व्हायला वेळ लागणार नाही.

आधी निम्म्या खर्चाचं बघू. किलोभर कोरडी ज्वारी भिजून दीड किलोच्या आसपास जाते. वाढलं ते पाणी. कोंबडीचं पोट मात्र कोरड्या खाद्याच्या हिशेबानं चालतं. अंड्यावरच्या संकरित कोंबडीला दिवसाला साधारण ११० ते १२० ग्रॅम लागतं. पूर्वी जेवढी वाटी कोरडं घालत होतात तेवढीच वाटी आता आंबलेलं घातलंत, तर बचत दिसणारच, कारण कोंबड्या अर्धपोटी आहेत. काही आठवड्यांनी एखादी उचलून बघा, छातीचं हाड हाताला टोचेल. थोडी बचत खरीही असते: भरड्याचं पीठ उडून जात नाही, सांडलवंड कमी होते, धान्यात अडकून राहिलेला फॉस्फरस काही अंशी मोकळा होतो. पण निम्मा खर्च? छे.

दुप्पट अंड्यांचं उत्तर त्याहून सोपं. अंडी किती मिळणार हे जात, उजेड, प्रथिनं आणि कॅल्शियम ठरवतात. गावठी कोंबडी थोडी अंडी घालून खुडूक बसते, तिला आंबवलेली ज्वारी काय करणार? मक्यात प्रथिनं ८-९ टक्के, ज्वारीत १० च्या आसपास, आणि अंड्यावरच्या कोंबडीला लागतात १६ ते १८. आंबवून ही तूट भरत नाही. तिथे पेंड किंवा अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार (लेअर) खाद्यच लागतं, आणि कवचासाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात. सोयाबीन घालायचंच असेल तर नीट भाजून घाला. कच्च्या दाण्यातले प्रथिनं पचू न देणारे घटक तीन दिवस पाण्यात ठेवल्यानं जातील याचा भरवसा नाही.

लसीबद्दलचं वाक्य मात्र चीड आणणारं आहे. आंबवताना लॅक्टिक आम्ल तयार होतं, त्यानं साल्मोनेलासारखे जीवाणू दबतात, हे बरोबर. पण मानमोडी, म्हणजे राणीखेत, विषाणूचा रोग आहे. तो वस्तीत शिरला की बिनलशीच्या कोंबड्या पटापट मरतात आणि त्यावर औषध नाही. पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात लासोटा या राणीखेतच्या लशीचा थेंब, मग बूस्टर, पुढे आठव्या आठवड्याच्या सुमारास आर टू बी या त्याच रोगाच्या दुसऱ्या लशीचं इंजेक्शन. तारखा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून पक्क्या करून घ्या. कोंबड्यांच्या देवी रोगाच्या लशीचंही तिथेच विचारा.

आता बुरशीचं धान्य. काढणीच्या वेळी पावसात सापडून काळी पडलेली ज्वारी, ओलसर पोत्यातला मका, खवट शेंगदाणा पेंड, हे सगळं स्वस्तात मिळतं आणि म्हणूनच मेसेजमधला हा सल्ला लोकांना गोड वाटतो. अफ्लाटॉक्सिन बुरशीनं आधीच सोडलेलं विष असतं. बुरशी मेली तरी ते राहतं, उकळूनही जात नाही, आणि घरगुती बादलीत आंबवून ते जाईल या आशेवर कोंबड्यांचं यकृत पणाला लावू नये. असं धान्य फेकूनच द्या.

चांगल्या धान्याचीही बादली रोज उघडून बघावी लागते. कुरडयांसाठी गहू भिजवणाऱ्या घरात तो आंबूस वास ओळखीचा असतो. तसा वास आणि बारीक बुडबुडे असले की जमलं. वर पांढरी, पातळ, सुरकुतलेली साय आली तर ती यीस्टची, काढून टाका. हिरवं, काळं किंवा कापसासारखं लवदार काही दिसलं, किंवा सडका वास आला, तर सगळं बाहेर. विदर्भातल्या मे महिन्यात एका दिवसात आंबतं, तीन दिवस कशाला? धान्य पाण्याखाली बुडलेलं हवं आणि कोंबड्या एका बैठकीत संपवतील एवढंच घाला. दुपारपर्यंत उरलं की माश्या येतात, खालचा तूस ओला होतो, आणि ओल्या तुसात रक्ती हगवणीचं फावतं.

शेवटी त्या मेसेजच्या फोटोतली बादली. ती जस्ताचा मुलामा दिलेली पत्र्याची आहे. आंबट पाण्यात जस्त उतरतं आणि ते कोंबडीला बाधतं. चिनी मातीची बरणी किंवा खाद्यपदार्थांसाठीची प्लास्टिकची बादली घ्या, झाकण सैल ठेवा.