एडीने कापली तर लेजंड, पोराने कापली तर खून?

सकाळपासून डोकं फिरलंय. लिहून टाकते.

आमच्या जुन्या गिटारवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आज कुणीतरी एका मुलाच्या गिटारचा फोटो टाकला. मुलगा असेल सतरा-अठरा वर्षांचा. साधी, स्वस्तातली गिटार, ब्रिजजवळचं लाकूड स्वतः कोरून त्याने हंबकर, म्हणजे तारांचा आवाज पकडणारा दोन कॉइलचा पिकअप, बसवलाय, एका कोपऱ्यात खाच जरा जास्त गेलीय, आणि बॉडीवर स्प्रेचे फराटे मारलेत. बास, एवढंच. त्यावर सगळे तुटून पडले. 'गिटारचा खून', 'सुताराकडे शिकायला होतास का', 'याच्या हातातून पटाशी काढून घ्या रे कुणीतरी'. आणि हसण्यात सगळ्यात पुढे जो माणूस होता त्याच्या डीपीत कोण? रॉक गिटारिस्ट एडी व्हॅन हेलन. हातात तीच लाल-पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची गिटार.

अरे, ती गिटार काय आहे हे माहितीय ना तुम्हाला? माहितीय, म्हणूनच तर जास्त राग आला.

कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनात राहणारा विशीतला मुलगा. त्याला गिब्सनचा जाड आवाज हवा होता पण गिब्सनला त्याला पाहिजे तशी व्हॅमी, म्हणजे सूर वाकवायची दांडी, नव्हती, फेंडरच्या स्ट्रॅटला व्हॅमी होती पण आवाज पातळ आणि वर सिंगल कॉइलची घरघर. दोन्ही एकत्र विकत मिळत नव्हतं. मग त्याने काय केलं, पन्नास डॉलरची ॲश लाकडाची बॉडी आणली, सेकंड्सचा माल म्हणजे फॅक्टरीने बाजूला काढलेला, ऐंशी डॉलरची नेक आणली, स्वतःच्या चांगल्या गिब्सन ईएस-३३५ मधला हंबकर उपटला आणि बॉडी कोरून त्यात बसवला. तोही तिरका! कारण गिब्सनच्या पिकअपचे पोल आणि फेंडरच्या तारांमधलं अंतर जुळत नाही, तिरका केला की तारा बरोबर पोलवरून जातात. पिकअप शिट्टी मारायचा म्हणून वितळलेल्या मेणात बुडवला, आणि हे जमेपर्यंत गरम मेणात वितळवून कित्येक पिकअप वाया घालवले. टोनचा नॉबच ठेवला नाही. एकच व्हॉल्यूम, आणि त्याच्यावर जी टोपी बसवली तिच्यावर लिहिलंय 'टोन', कारण हाताला तीच मिळाली. पट्टे मारले ते चिकटपट्टी लावून, स्प्रेने. पुढे फ्लॉइड रोज हा व्हॅमीचा ब्रिज बसवला तेव्हा तो मागे उचलला जाऊ नये म्हणून त्याच्याखाली १९७१ सालचं पाव डॉलरचं नाणं स्क्रूने ठोकलं. मागच्या बाजूला रिफ्लेक्टर. आणि नाव ठेवलं फ्रँकेनस्टाईन.

आता मला सांगा, हा फोटो नाव न सांगता आज सकाळी ग्रुपवर टाकला असता तर तुम्ही काय लिहिलं असतं?

मी दहा वर्षांची होते आणि दादा एकोणीसचा. रात्री सगळे झोपल्यावर त्याने जमिनीवर जुनी चादर घडी करून टाकली, त्यावर त्याची काळी गिटार आडवी ठेवली, आणि माझ्या हातात टॉर्च दिला. मित्राकडून जुना हंबकर घेतला होता त्याने, तो मूळ खाचेत मावत नव्हता. पेन्सिलने चौकट आखली. हातोडीचा आवाज होऊ नये म्हणून पटाशीच्या मुठीवर टॉवेल गुंडाळला. 'हलवू नकोस' एवढंच मधूनमधून म्हणायचा. ढलप्या माझ्या फ्रॉकवर पडत होत्या आणि मी श्वास रोखून बसले होते. एका कोपऱ्यात पटाशी घसरली आणि रेषेच्या बाहेर गेली. दादा काहीच बोलला नाही, नुसता अंगठा त्या कोपऱ्यावर ठेवून थोडा वेळ बसून राहिला.

आजच्या फोटोतला तो कोपरा बघितला आणि मला तो अंगठा दिसला. म्हणून हे सगळं.

बरं, ठीक आहे, एक मान्य करते. कुणाकडे गिब्सनची खरी १९५९ ची लेस पॉल गिटार असेल तर तिला ड्रिल लावू नये, तशी दुसरी मिळायची नाही. आणि एडीचंही सगळंच जमलं असं नाही, त्याने आयबानेझ डिस्ट्रॉयर या गिटारचा मोठा तुकडा कापून काढला आणि तिचा आवाज गेला, त्याला स्वतःला त्याचं वाईट वाटलं होतं. झालं समाधान? पण त्या पोराची गिटार काय १९५९ ची आहे का? फॅक्टरीतून तशा हजारो रोज निघतात, आणि त्या हजारोंतली ही एकच आता त्याची आहे.

'रीसेल व्हॅल्यू गेली' म्हणे. कुणाला विकायचीय त्याला? आणि व्हॅल्यूचंच बोलायचं तर पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मरची ब्लॅक स्ट्रॅट घ्या. नेक किती वेळा बदलली, पिकअप बदलले, मध्ये एकदा हंबकर घुसवला, सॉकेटसाठी भोक पाडलं, नंतर ते बुजवलं, व्हॅमी काढली, परत लावली. २०१९ मध्ये न्यूयॉर्कला लिलावात ती ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली आणि पैसे त्याने पर्यावरणाच्या कामाला दिले. तेव्हा याच ग्रुपवर सगळे हात जोडून उभे होते. एकालाही भोक दिसलं नाही.

एडीच्या गिटारची तर फेंडरने २००७ मध्ये हुबेहूब नक्कल काढली, तीनशे नग, प्रत्येकी पंचवीस हजार डॉलर. सिगारेटचे चटके, ओरखडे, ते नाणं, सगळं मोजून मापून. १३० डॉलरच्या लाकडावर एका मुलाने वैतागून, घाईत, जमेल तसं जे केलं त्याचा प्रत्येक डाग तज्ज्ञ माणसं भिंगातून बघून परत काढतात. मूळ गिटार न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये काचेमागे लागली, लोक तिच्यासमोर गप्प उभे राहिले. नक्कल विकत घेणाऱ्यांवर माझा राग नाही, प्रेम असतं, मी समजू शकते. पण ज्या कृतीवर एवढं प्रेम करता ती कृती डोळ्यासमोर कुणी करत असेल तर तिच्यावर थुंकता कसे?

दादाचं पुढे काय झालं सांगते. वायरींना सोल्डरचे डाग दिले, रोझिनचा तो गोडसर धूर सगळ्या खोलीत भरला, आणि मग छोट्या अँपला लावून आवाज अगदी बारीक ठेवून त्याने एक कॉर्ड मारली. एकच. माझ्याकडे बघितलं. त्याचा तसा चेहरा मी नंतर त्याच्या लग्नातही बघितला नाही.

आठवड्याने तो ती घेऊन प्रॅक्टिसला गेला. तिथे एक सीनिअर होता, वाजवायचा फार सुंदर, सगळे त्याला मानायचे. त्याने गिटार हातात घेतली, उलटीपालटी केली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरून म्हणाला, 'ही गिटार नाही, खाटकाचा ठोकळा आहे.' सगळे हसले. दादाही हसला त्यांच्याबरोबर. घरी आला, गिटार कव्हरमध्ये घातली, आणि त्यानंतर ती बाहेर कधी गेलीच नाही. आधी घरात वाजवायचा, मग कमी झालं, मग कपाटावर. त्या सीनिअरच्या खोलीत पोस्टर कुणाचं होतं हे तुम्ही ओळखलंच असेल.

कधीकधी मला वाटतं एडीला कुणी असं हसलं असतं तर? हसले असतीलच. हॉलंडहून आलेला, आई इंडोनेशियातली, इंग्रजी धड येत नाही, शाळेत त्या पोराने काय काय ऐकलं असेल. पण घरात वाजवणारा बाप होता, बरोबरीला भाऊ होता ड्रमवर. क्वीन बँडचा गिटारिस्ट ब्रायन मे, त्याला तर बापच मदतीला होता. १९६३ च्या ऑगस्टमध्ये दोघांनी मिळून गिटार करायला घेतली, दोन वर्षं खपले. नेक जुन्या फायरप्लेसच्या लाकडाची, ट्रेमोलोला म्हणजे व्हॅमीला मोटरसायकलच्या स्प्रिंगा, फ्रेटबोर्डवरचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. एवढ्या मोठ्या क्वीनचा सगळा आवाज त्या बटणांवरून निघालाय. दादाकडे टॉर्च धरायला मी होते फक्त, आणि मी दहा वर्षांची होते, त्या सीनिअरला काय बोलणार होते.

आज मात्र बोलले. ग्रुपवर जे लिहिलं ते इथे परत लिहीत नाही, ज्यांनी वाचायचं त्यांनी वाचलंय. दोघं ग्रुप सोडून गेले, जाऊ देत. एकाने पर्सनलवर सॉरी म्हटलं, त्याचं बरं वाटलं, खरंच. वाईट माणसं नाहीत ही, मला माहितीय, बरोबर वाढलोय आम्ही.

मग त्या मुलाचा नंबर मिळवला. आधी त्याला वाटलं मीही काहीतरी ऐकवणार, चार वेळा सॉरी म्हणाला. मी म्हटलं वाजवून पाठव. पाठवलं. हात अजून कच्चा आहे पण आवाज आहे, दणदणीत, मात्र मागे सतत गुरगुर. ती क्लिप मी काहीही न लिहिता दादाला फॉरवर्ड केली. बारा-तेरा वर्षांत गिटारचा विषय आमच्यात निघालेला नाही.

पाच मिनिटांत फोन आला. हॅलो नाही, काही नाही.

"त्याला विचार, तारांना हात लावला की गुरगुर कमी होते का?"

विचारलं. नाही होत म्हणाला.

"मग ब्रिजला ग्राउंडची वायर जोडायची राहिलीय त्याची. माझीपण राहिली होती आधी. सोल्डरिंग येतं का नीट त्याला? नाहीतर थांब, मला नंबर दे त्याचा."