सहलीला जाणाऱ्या शिक्षकाला 'नाही' म्हणता आलं पाहिजे

दिवाळीची सुट्टी संपली की बडोद्यातल्या शाळांत पावागड, आजवा, केवडिया, सापुतारा ही नावं फिरू लागतात आणि मुलांच्या दप्तरांतून संमतीपत्रं घरी येतात. बहुतेक पत्रांच्या तळाशी एक ओळ असते: 'सहलीत काही दुर्घटना घडल्यास शाळा जबाबदार राहणार नाही.' आईबाप निमूट सही करतात. नाही केली तर पोर घरी बसणार, आणि वर्गातली बाकीची सगळी जाणार.

त्या सहीने कायद्याची जबाबदारी सुटत नाही, हे पालकांनी आणि माझ्यासारख्या शिक्षकांनीही नीट समजून घ्यायला हवं. निष्काळजीपणामुळे कुणाचा जीव गेला तर तो गुन्हा आहे. कुणाच्या आईने आधी कागदावर सही केली होती म्हणून तो माफ होत नाही. जुन्या दंडसंहितेत त्याला २ वर्षांपर्यंत कैद होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली ती ५ वर्षांपर्यंत आहे. भरपाईचंही तसंच. १९९५ मध्ये पठाणकोटजवळच्या एका शाळेची सहल बियास नदीवर गेली आणि १४ मुलं बुडाली. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक मुलामागे ५ लाख रुपयांची भरपाई कायम ठेवली आणि ती शाळेने द्यायची, हे स्पष्ट केलं. शिक्षक नोकरीचं काम म्हणून मुलांना घेऊन गेले होते, तेव्हा त्यांच्या हलगर्जीपणाला शाळाही बांधील.

आता प्रत्यक्ष काय होतं ते सांगते. सहल कुठे जाणार, किती मुलं नेणार, बस कुणाची, पैसे किती, हे संस्थाचालक, मुख्याध्यापक आणि टूरवाला मिळून ठरवतात. आमच्या हातात शेवटी यादी येते. मुलांची संख्या वाढली की बसचा खर्च वाटला जातो, म्हणून यादी फुगते. सोबत येणारे शिक्षक मात्र तेवढेच राहतात. त्यातल्या एखादीला बस लागते, एखादी उलटी करणाऱ्या मुलाजवळ बसते, एक पाणी-नाश्ता बघते. उरलेल्या डोळ्यांनी सगळी पोरं सांभाळायची.

आणि मग तो क्षण येतो. होडीचा धक्का, पोरांचा 'टीचर, टीचर, आम्ही पण!' असा गिल्ला, लाइफ जॅकेटचा एक ढीग, त्यात अर्ध्यांचे पट्टे तुटलेले आणि उरलेली मोठ्यांच्या मापाची, सात वर्षांच्या पोराच्या डोक्यावरून निघून येतील अशी. होडीवाला म्हणतो, 'थई जशे, बेन', म्हणजे होऊन जाईल, ताई. मागे दुसरी शाळा रांगेत उभी. बसवाला हॉर्न वाजवतोय. अशा वेळी पंचवीस-तीस हजारांवर कंत्राटी नोकरी करणारी बाई 'एकही मूल बसणार नाही' असं म्हणू शकते का? पैसे भरलेले असतात, उद्या पालकांची तक्रार येणार असते, आणि मुख्याध्यापक म्हणणार असतात की तुम्हाला साधी सहल सांभाळता येत नाही.

१८ जानेवारी २०२४. बडोद्यातल्या हरणीचा मोटनाथ तलाव. शाळेच्या सहलीची होडी उलटली. मी आकडे लिहिते, पण ते लिहिताना हात जड होतो: १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. होडीत क्षमतेपेक्षा खूप जास्त माणसं होती, आणि बऱ्याच मुलांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. गुजरात उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तलावाचं कंत्राट ज्या रीतीने दिलं गेलं त्यावरून महापालिकेला जाब विचारला. तो विचारायलाच हवा होता. १९९३ मध्ये सुरसागर तलावात होडी बुडून २२ माणसं गेली होती. ती याच शहरात, आमच्या दांडिया बाजारापासून चालत जाता येईल अशा पाण्यात. म्हणजे जास्त भरलेली होडी काय करते हे बडोद्याला कुणी नव्याने सांगायची गरज नव्हती.

हरणीनंतर स्टाफरूममध्ये दोन सूर ऐकले. एक, सहलीच बंद करा. दुसरा, शिक्षकांना कशाला गोवता? मला दोन्ही पटत नाहीत. फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या मुलांनी पावागडच्या पायऱ्या चढल्याच पाहिजेत, चांपानेरचे दगड हाताने चाचपून पाहिलेच पाहिजेत. आणि सोबत गेलेल्या शिक्षकाची जबाबदारी असतेच. पोर घरातून निघाल्यापासून परत पोचेपर्यंत त्याचे आईबाप आम्हीच. मला त्यातून सूट नको आहे.

पण जबाबदारी आहे तर अधिकारही हवा, आणि तो तोंडी नको. सहलीच्या आदेशातच लिहिलेलं असावं की सोबतच्या कोणत्याही शिक्षकाने धोका वाटून एखादा कार्यक्रम जागेवर थांबवला तर तो थांबेल, आणि त्यासाठी त्याच्यावर कारवाई होणार नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये शाळा-सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांचा सगळा भर व्यवस्थापनाची जबाबदारी ठरवण्यावर आहे. मग पैसे वाचवण्यासाठी यादी फुगवणाऱ्याचं नाव कागदावर आधी यावं, मुलांसोबत होडीत बसणारीचं नंतर.

पाण्याबाबत तर मी हट्टीच आहे. बियास दोनदा, कारण २०१४ मध्ये हैदराबादचे २४ विद्यार्थी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात त्याच नदीत वाहून गेले. मग मुरूडचा समुद्र, जिथे पुण्याच्या कॉलेजची मुलं सहलीत बुडाली, मग हरणी. होडी किंवा पाण्यात उतरणं संमतीपत्रात आधी लिहिलेलं नसेल, तर ते जागेवर ठरवायचंच नाही. मुलं कितीही रडोत.

पालकांनो, यंदा चिठ्ठी आली की सहीआधी तीन गोष्टी विचारा: बसमध्ये किती मुलं आणि किती शिक्षक, पाण्याचा कार्यक्रम आहे का, आणि तो थांबवायचा अधिकार कुणाला. उत्तर लेखी मागा. शिक्षक मित्रमैत्रिणींनो, मुख्याध्यापकांना द्यायच्या पत्राचा मसुदा मी मराठी आणि गुजराती दोन्हीत तयार केला आहे. हवा असेल त्यांनी इनबॉक्समध्ये सांगा, पाठवते. एकट्याने देऊ नका, स्टाफरूममधल्या सगळ्यांच्या सह्या घेऊनच द्या.