‘.३२ ची ४० टक्के माणसे थांबत नाहीत’ या आक्षेपाबाबत दुकानमालकाचे उत्तर

महोदय,

आपली प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे, की स्वसंरक्षणासाठी .३२ बोरचे (बोर म्हणजे नळीचा व्यास, येथे इंचात) देशी रिव्हॉल्व्हर घ्यावे की आयात केलेले, अधिक जोरदार काडतुसाचे .३५७ मॅग्नम, हे विचारण्यासाठी आपण पुण्यातील आमच्या दुकानात आलात, कोणत्या बोरची गोळी हल्लेखोराला कितपत थांबवते याचा एक अमेरिकी तक्ता मोबाइलवर दाखवलात, आणि ‘.३२ ची गोळी लागलेली ४० टक्के माणसे थांबतच नाहीत’ हा त्यातील आकडा मी ग्राह्य धरला नाही. त्यावरून मला या विषयातले काही कळत नाही, किंवा पडून असलेला माल खपवायचा आहे, असा निष्कर्ष आपण काढलात. केवळ नफा पाहायचा असता, तर महागडे आयात शस्त्र विकणेच मला परवडले असते.

आता आकड्याविषयी. तो तक्ता ग्रेग एलिफ्रिट्झ या पोलीस अधिकाऱ्याने गोळीबाराच्या सुमारे १,८०० घटनांवरून तयार करून २०११ मध्ये प्रसिद्ध केला. काम प्रामाणिक आहे आणि प्रत्येक बोरखाली माणसांची संख्या त्याने स्वतःच दिली आहे. .३२ खाली ती २५ आहे. म्हणजे आपले ४० टक्के ही प्रत्यक्षात दहा माणसे आहेत. शिवाय रिव्हॉल्व्हरचे लाँग आणि पिस्तुलाचे एसीपी ही दोन वेगळी काडतुसे त्यात एकत्र मोजली आहेत, आणि आपण पाहिलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये फक्त लाँग चालते. त्याच तक्त्यात आणखी खाली पाहिलेत, तर डोक्याला किंवा धडाला लागलेल्या एकाच गोळीने माणूस निष्प्रभ होण्याचे प्रमाण .३२ साठी ७२ टक्के आणि त्याहून कितीतरी ताकदवान अशा .४४ मॅग्नमसाठी ५३ टक्के दिलेले आढळेल. .३२ ही .४४ मॅग्नमपेक्षा प्रभावी आहे, असे मी म्हटले असते तर आपण हसला असता, आणि ते योग्यच झाले असते. पण मग त्याच २५ माणसांवर उभा असलेला दुसरा आकडा तरी प्रमाण कसा मानायचा?

.३५७ मॅग्नमच्या एकाच गोळीने माणूस थांबण्याच्या ज्या ९६ टक्क्यांचा आपण उल्लेख केलात, ते इव्हन मार्शल आणि एड सॅनो या अमेरिकी लेखकांनी १९९२ मध्ये मांडलेल्या आकडेवारीतले आहेत. त्यांनी धडाला एकच गोळी लागलेल्या घटना धरल्या आणि एकाहून अधिक गोळ्या लागलेल्या वगळल्या. पहिली गोळी लागूनही हल्लेखोर पुढे येत राहिला आणि म्हणून दुसरी झाडावी लागली व तीही लागली, तर पहिल्या गोळीचे ते अपयश हिशेबातूनच नाहीसे होते. अपयशे अशी आधीच बाजूला काढल्यावर यशाची टक्केवारी फुगणारच, मग काडतूस कोणतेही असो.

याहून महत्त्वाची बाब अशी, की वेदनेने किंवा भीतीने थांबलेला माणूस आणि शरीराने साथ सोडल्यामुळे कोसळलेला माणूस यांत हे तक्ते फरक करत नाहीत. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयशी झालेल्या चकमकीत एका दरोडेखोराच्या दंडातून छातीत शिरलेली ९ एमएमची गोळी हृदयाच्या अलीकडेच थांबली. त्यानंतरही तो लढत राहिला आणि दोन एजंट मारले गेले. एफबीआयने १९८९ मध्ये स्पष्ट नोंदवले, की हृदय निकामी झाल्यावरही मेंदूत १० ते १५ सेकंद हालचाल करण्याइतका प्राणवायू शिल्लक असतो. म्हणून गोळी कुठे लागते आणि किती खोल जाते, हे आधी पाहावे लागते. .३२ ची ताकद मर्यादित आहे, हे मी आपल्याला दुकानातही सांगितले होते आणि येथेही सांगतो. परंतु .३५७ झाडताना हाताला बसणारा धक्का पहिल्यांदाच शस्त्र हाती घेणाऱ्याला सहसा झेपत नाही. दुसरी गोळी नेमावर आणायला त्याला वेळ लागतो, आणि सराव टाळण्याकडे कल होतो.

आपला परवाना घेऊन पुन्हा यावे. दोन्ही रिव्हॉल्व्हर रिकामी करून आपल्या हातात देईन. पकड आणि ट्रिगरचा ताण स्वतः पाहून ठरवावे. .३५७ च घ्यायचे ठरले, तर तेही आनंदाने देईन. मात्र ९६ टक्क्यांचा भरवसा देऊन ते विकणार नाही.