पत्रे बदलायचे की डागडुजी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘डागडुजीचा सल्ला म्हणजे मालकांच्या कंजूषपणाला खतपाणी, पंधरा वर्षं झाली की शेडचे पत्रे सरसकट बदलावेत,’ असं तुमचं म्हणणं. पुरावा म्हणून तुमची भोसरीची शेड: वरून कोटिंग मारलं आणि दुसऱ्याच पावसाळ्यात धार लागली.

त्या शेडपुरतं तुमचं खरं आहे. खाली प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवायच्या, टाक्या आहेत असं तुम्हीच लिहिलंय. ॲसिडची वाफ पत्रा खालून खाते, मग वरच्या कोटिंगचा काय उपयोग? तिथे पंधरा वर्षं थांबायचीही गरज नव्हती. पण म्हणून शेजारच्या कोरड्या गोदामालाही तोच नियम? वयावरून पत्रे भंगारात काढणं मला पटत नाही.

अशा गोदामात बरेचदा पत्रा शाबूत असतो, उन्हाने तडकलेला असतो तो स्क्रूखालचा वॉशर. एक स्क्रू काढून भोक बघा. गोल आहे, कडा टणक आहे? मग जरा जाड स्क्रू आणि ईपीडीएमचा (ऊन-पाऊस सोसणाऱ्या रबराचा) वॉशर लावून काम भागतं. भोक लांबट झालंय, कडेचे पापुद्रे नखाने सुटतायत, तर तिथे स्क्रू धरणार नाही. एकाच जागी बघून ठरवू नका. गटरजवळ बघा आणि जोडावरचा पत्रा उचलूनही बघा. दोन पत्र्यांच्या फटीत पाणी ओढलं जातं, गंज आतल्या आत वाढतो आणि ब्रश तिथवर पोचत नाही. जोडच कुजले असतील तर कोटिंगवाल्याला चहा पाजून परत पाठवा.

सिमेंटच्या जुन्या पत्र्यांबाबत मी तुमच्याच बाजूने. त्यात ॲस्बेस्टॉस असतं. ड्रिल मारलं, ग्राइंडर लावला की तंतू हवेत उडतात, आणि पत्र्यावर थेट पाय दिला तर माणूस सरळ खाली. असे पत्रे ओले करून, न फोडता उतरवावेत.

राहिला पत्र्यांवर सोलर पॅनेल बसवण्याचा प्रश्न. पॅनेल 25 वर्षं टिकतात. पत्र्यात आठ-दहा वर्षांचाच जीव उरला असेल तर तो संपल्यावर पत्रे बदलताना पॅनेल, स्ट्रक्चर, वायरिंग सगळं उतरवून पुन्हा चढवावं लागेल. अशा वेळी दुरुस्त होण्यासारखे पत्रेही मी आधीच बदलायला सांगतो. तुम्ही मात्र नवे पत्रे चढवण्याआधी टाक्यांवर हूड आणि एक्झॉस्ट बसवून घ्या, नाहीतर तेही खालूनच जातील.