उत्सव झाला, शटर बंदच!

शहराचा मध्यभाग ओस पडतोय? घ्या महोत्सव! पालिकांना दुसरं काही सुचतच नाही. करदात्यांच्या पैशातून मांडव, रोषणाई, पाहुणे कलाकार आणि व्यासपीठावर न संपणारे सत्कार. मग अहवाल येतो, ‘कोट्यवधींची उलाढाल झाली.’ अहो, पण हा अहवाल करून घेतला कोणी? ज्यांना पुढच्या वर्षी परत अनुदान हवंय त्यांनीच! त्यात शहरातल्याच माणसांचा खर्चही बिनदिक्कत धरलेला असतो. महोत्सव नसता तर ते पैसे त्यांनी त्याच शहरात दुसरीकडे उडवलेच असते की! या खिशातले पैसे त्या खिशात गेले, यात वाढलं काय? फक्त बाहेरून आलेल्यांचा खर्च मोजा, मग बघू आकडा केवढा उरतो.

आता महोत्सवाने शहर सावरल्याचा दाखला म्हणून कोणीतरी स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचं नाव काढणारच. १९९० मध्ये त्याला ‘युरोपचं सांस्कृतिक शहर’ हा वर्षभराचा मान मिळाला, मान्य. पण तिथे त्याच वर्षी कायमचं मोठं संगीत सभागृह उघडलं आणि त्याआधी कित्येक वर्षं जुन्या दगडी इमारतींची काजळी धुण्याचं काम चाललं होतं. हे सोयीस्कर विसरायचं आणि उचलायचा फक्त मांडव. साहजिकच आहे म्हणा, दुरुस्त केलेल्या ड्रेनेजची फीत कोण कापणार?

आणि बंद दुकानं? ती महोत्सवातही बंदच. शटरवर रंगीत फ्लेक्स ताणला की झालं पुनरुज्जीवन! त्या फ्लेक्सचं बिलसुद्धा आपणच भरायचं.