‘श्वास घ्या, गोळी सोडा’ : रंकाळ्यावर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा : जोरजोरात श्वास घेतले की रक्तात ऑक्सिजन वाढतो आणि कुठलंही दुखणं पाच मिनिटांत जातं, श्वास रोखून धरला की कळ मेंदूपर्यंत पोचतच नाही, छातीत दुखलं तरी आधी हेच करा. खाली ‘जनहितार्थ’.

ऑक्सिजनचं आधी उरकून टाकू. धडधाकट माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन बसल्या जागी ९५ ते १०० टक्के ऑक्सिजनने भरलेलंच असतं. कोविडात घेतलेला ऑक्सिमीटर बोटाला लावून बघा. काठोकाठ भरलेल्या घागरीत आणखी काय ओतणार? जोरजोरात श्वास घेतल्याने घटतो तो कार्बन डायऑक्साइड. मग मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, गरगरतं, बोटांना मुंग्या येतात. त्या मुंग्यांनाच मेसेजवाले ‘गुण आला’ म्हणत असावेत.

श्वासाने दुखणं कमी जाणवतं हे खरं, पण ते संथ श्वासाने. एरवी आपण मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. तो सहाच्या आसपास आणला आणि सावकाश सोडला, तर चटक्याची वेदना थोडी सौम्य वाटते, असं प्रयोगांत दिसलंय. थोडीच. त्यातही लक्ष दुसरीकडे वळल्याचा आणि ‘आता बरं वाटेल’ या अपेक्षेचा वाटा असतो. झिजलेला गुडघा झिजलेलाच राहतो.

श्वास रोखण्याच्या दाव्यात मात्र सत्याचा एक कण आहे. श्वास रोखला की धाप लागते; आणि धाप आणि वेदना, दोन्ही शरीराच्या धोक्याच्या सूचना. मेंदूतले इन्सुला आणि सिंग्युलेट हे भाग दोन्हींच्या वेळी जागे होतात. प्रयोगशाळेत लोकांना मुद्दाम धाप लागेल असं करून पायाच्या नसेला विजेचा झटका दिला, तेव्हा पाय आखडून घेण्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावली. म्हणजे एका त्रासाने दुसऱ्याला मागे सारलं. याला इलाज म्हणायचं असेल तर पाठदुखीवर गुदमरणं हेही औषध ठरेल! शिवाय दम कोंडून जोर लावला की रक्तदाब चढतो. तालमीतली पोरं जोर लावताना दम कोंडतात ते पोट-पाठ ताठ राहावी म्हणून, आणि ती असतात विशीतली. हा मेसेज वाचणारे बरेचसे साठीचे, बीपीची गोळी खाऊन फिरायला आलेले.

छातीचा मुद्दा चेष्टेचा नाही. हृदयाच्या धमनीत गुठळी अडकली तर ती श्वासाने हलत नाही, आणि जितका वेळ जाईल तितका हृदयाचा स्नायू मरत जातो. छातीवर दाब, हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम : लगेच १०८ लावा, नाहीतर जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या. मधुमेह असलेल्यांना तर कधी कळ येतच नाही, नुसती धाप लागते. त्यांना ‘जरा दीर्घ श्वास घ्या’ म्हणून कट्ट्यावर बसवून ठेवू नका.