नकाशा बघून घातलेल्या प्रवासबंदीने साथ थांबत नाही

आफ्रिकेत कुठे इबोलाचा रुग्ण सापडल्याची बातमी आली की एक मजकूर पुन्हा फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: २०१४ च्या साथीत अमेरिकेतल्या विद्यापीठांनी बाधित देशांत कुणाला पाठवलं नाही, तिथले विद्यार्थी घेतले नाहीत, तिथून परतलेल्यांना आवारात येऊ दिलं नाही. म्हणूनच अमेरिकेत रोग पसरला नाही. आपल्या विद्यापीठांनीही तेच करावं, काळजी घेतलेली केव्हाही बरी. पुण्यात आफ्रिकेतून आलेले बरेच विद्यार्थी शिकतात, त्यामुळे पालकांच्या आणि प्राध्यापकांच्या गटांत हा मजकूर लगेच पोहोचतो. म्हणून त्यातला एकेक दावा तपासायला हवा.

‘कुणाला पाठवलं नाही.’ हे बऱ्याच अंशी खरं आहे, आणि योग्यही होतं. ३१ जुलै २०१४ ला अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन देशांत अनावश्यक प्रवास टाळा असा इशारा दिला. अनेक विद्यापीठांनी त्याच आधारावर अभ्यासदौरे रद्द केले. तिथले दवाखाने कोलमडले होते. सहलीला गेलेल्या विद्यार्थ्याला मलेरिया झाला असता किंवा त्याचा पाय मोडला असता तरी उपचार मिळायची खात्री नव्हती. पण इशाऱ्यातला ‘अनावश्यक’ हा शब्द या मजकुरात गळून पडतो. रुग्ण तपासायला जाणारा डॉक्टर आणि सुट्टीतल्या अभ्यासदौऱ्याला जाणारा विद्यार्थी यांना एकच नियम लावता येत नाही.

‘तिथले विद्यार्थी घेतले नाहीत.’ टेक्सासमधल्या नवारो कॉलेजने खरोखरच असं केलं. इबोलाचे रुग्ण आढळलेल्या देशांतून विद्यार्थी घेत नाही, असं पत्र त्यांनी नायजेरियातल्या अर्जदारांना ऑक्टोबर २०१४ मध्ये पाठवलं. आता नायजेरियात काय घडलं होतं ते बघा. २० जुलैला एक आजारी प्रवासी विमानाने लेगॉसला उतरला. तिथल्या डॉ. अमेयो अडाडेवो यांनी स्वतःवर दबाव असतानाही त्याला रुग्णालयातून जाऊ दिलं नाही, आणि त्याच संसर्गाने १९ ऑगस्टला डॉ. अडाडेवो यांचा मृत्यू झाला. संपर्कात आलेल्या जवळपास ९०० जणांचा माग काढला गेला, घरोघरी जाऊन ताप मोजला गेला. एवढ्या प्रचंड शहरात रोग शिरूनही देशभरात मिळून २० रुग्ण आणि ८ मृत्यू यावर साथ थांबली, आणि २० ऑक्टोबरला जागतिक आरोग्य संघटनेने नायजेरिया इबोलामुक्त झाल्याचं जाहीर केलं. दरम्यान ३० सप्टेंबरला त्या कॉलेजपासून तासाभराच्या अंतरावर, डॅलसमध्येच इबोलाचा रुग्ण सापडला होता. म्हणजे त्यांचाच नियम प्रामाणिकपणे लावला असता तर अमेरिकी विद्यार्थीही अपात्र ठरले असते. तो लावला गेला फक्त नायजेरियातल्या मुलांना. कॉलेजने नंतर माफी मागितली. मजकुरात हा उल्लेख कधीच नसतो.

‘म्हणूनच अमेरिकेत पसरला नाही.’ हा दावा सगळ्यात घातक आहे. डॅलसचा रुग्ण थॉमस एरिक डंकन लायबेरियाची राजधानी मन्रोव्हियाहून निघाला तेव्हा त्याला ताप नव्हता. ताप आल्यावर तो रुग्णालयात गेला आणि आपण आफ्रिकेतून आल्याचं त्याने सांगितलं. तरीही अँटिबायोटिक देऊन त्याला घरी पाठवलं गेलं. दोन-तीन दिवसांनी तो रुग्णवाहिकेतून परत आला. त्या मधल्या दिवसांत तो ज्या घरात झोपला, जेवला, आजारी पडून राहिला, त्या घरातल्या एकालाही लागण झाली नाही. लागण झाली ती शेवटच्या टप्प्यात त्याची शुश्रूषा करणाऱ्या दोन परिचारिकांना. इबोला लक्षणं दिसण्याआधी पसरत नाही. तो रुग्णाच्या रक्ताशी, उलटीशी, जुलाबाशी थेट संपर्क आल्याने पसरतो, आणि रुग्ण जितका अत्यवस्थ तितका धोका जास्त.

गिनीत इबोलाच्या रुग्णांवर उपचार करून न्यू यॉर्कला परतलेल्या डॉ. क्रेग स्पेन्सर यांनाही इबोला झाला. ताप येण्याआधी ते भुयारी रेल्वेने फिरले होते. त्यांच्यापासून कुणालाच लागण झाली नाही. ते स्वतः रोज ताप मोजत होते आणि पारा चढताच त्यांनीच फोन केला. अमेरिकेत साथ थांबली ती अशा कामामुळे: ताप मोजणं, संपर्क शोधणं, वेळेवर वेगळं ठेवणं. यातलं एकही काम प्रवेश अर्ज नाकारून होत नाही.

‘परतलेल्यांना आवारात येऊ दिलं नाही.’ हेही घडलं, आणि त्याचा रोगाशी संबंध नव्हता. वॉशिंग्टन पोस्टचे छायाचित्रकार मिशेल डू सील लायबेरियातून परतून २१ दिवस उलटले होते, लक्षण एकही नव्हतं. तरी सिरॅक्यूज विद्यापीठाने त्यांचं कार्यशाळेचं निमंत्रण ऐनवेळी मागे घेतलं. इबोलाचा अधिशयन काळ, म्हणजे लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ, जास्तीत जास्त २१ दिवसांचा. ती मुदत संपल्यावरही माणूस नको असेल तर तो नियम विज्ञानावर उभा नाही. पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांनी त्या दिवशी साथीचं वार्तांकन त्यांच्याकडून शिकायला हवं होतं.

‘काळजी घेतली तर नुकसान काय?’ नुकसान मोठं आहे. सिएरा लिओनमधलं केनेमा रुग्णालय आणि हार्वर्डशी जोडलेले संशोधक यांनी मिळून ७८ रुग्णांच्या नमुन्यांतून विषाणूचे ९९ जनुकीय आराखडे वाचले आणि ऑगस्ट २०१४ मध्ये जगापुढे ठेवले. साथ आता माणसाकडून माणसाकडेच जाते आहे, जंगलातून पुन्हापुन्हा येत नाही, हे त्यातून दिसलं. हा शोधनिबंध छापून येईपर्यंत त्याचे पाच सहलेखक इबोलाने गेले होते. केनेमाचे डॉ. शेख हुमार खान त्यांतलेच. वर्षानुवर्षांच्या जाण्यायेण्यातून ही भागीदारी उभी राहिली होती. सरसकट बंदी अशा कामाच्या मुळावर येते. शिवाय परतल्यावर शिक्षाच होणार असेल तर लोक प्रवास लपवतात, आणि लपवलेला प्रवास शोधायला कुठलंही थर्मामीटर उपयोगी पडत नाही.

‘मग कोविडचं काय?’ कोविड लक्षणांआधीही पसरतो, म्हणून तिथे वेगळे नियम लागले आणि लागायलाच हवे होते. पण भारतातला पहिला रुग्ण आठवा: वुहानमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणारी, केरळला परतलेली विद्यार्थिनी, ३० जानेवारी २०२०. तिच्यासह वुहानहून आलेल्या तीन विद्यार्थ्यांना लागण झाल्याचं आढळलं. आरोग्य यंत्रणेने त्यांना वेळेवर वेगळं ठेवलं, तिघंही बरे झाले. त्या मुलांना घरी येऊच द्यायचं नव्हतं, असं आपल्यापैकी किती पालक म्हणतील?

तुमच्या विद्यापीठात असं परिपत्रक निघालं तर कुलसचिवांना नेमके प्रश्न विचारा. नियम देशाला लावलाय की संपर्काला? किती दिवसांसाठी, आणि तो आकडा कुठून आला? डॉक्टर-संशोधकांना सूट कोण देणार? परदेशात आजारी पडलेल्याला परत आणायचा विमा आहे का? परतलेल्याने ताप आल्यावर रात्री दोन वाजता कुणाला फोन करायचा? आणि आढावा कोणत्या तारखेला? उत्तरं लेखी मागा.